रात्रपाळीचा पलंग

मावशीच्या परळच्या घरात शिरताना मामांच्या काखेत रद्दीचा गठ्ठा होता. त्यांनी वर्तमानपत्रांची पानं एकाला एक चिकटवून सहा बाय तीन फुटांचा एक तुकडा केला, चार बाय दीडचा दुसरा केला आणि दोन्ही फरशीवर पसरले. "ह्यो पलंग, ह्ये टेबल. आज दिवसभर ह्येंच्यावर पाय द्यायचा न्हाई." मावशी हसली. "दादा, पोरखेळ मांडलायस व्हय?" दुपारी बारापर्यंत पलंगाचा कागद तीन ठिकाणी फाटला होता आणि प्रत्येक फाटल्या जागेशेजारी मामांनी पेन्सिलीनं वेळ लिहून ठेवली होती. मी त्यांचा बिनपगारी मदतनीस. टेपचं दुसरं टोक धरणं, एवढंच माझं काम.

घर सव्वादोनशे चौरस फुटांचं. मावशीचे यजमान कुंडलहून मुंबईच्या गिरणीत गेले, ते लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत राहिले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि गिरणी त्यांच्यापुरती तिथंच संपली. पुढं कितीतरी वर्षांनी गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीत मावशीला हे घर लागलं, तेव्हा काका नव्हते. माणसं पाच: मावशी, मावसभाऊ, वहिनी आणि दोन मुलं. चाळीपेक्षा घर ऐसपैस होतं, संडास आत होता, पण चाळीतला व्हरांडा मात्र गेला होता. तिथं तर अर्धं कुटुंब झोपायचं.

मामांचं घर कुंडलला. नोकरी सगळी शेजारच्या किर्लोस्करवाडीत, पॅटर्न शॉपमध्ये. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानाच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभारला. तिथून लोखंडी नांगर निघाले, पुढं पंप निघाले, मधल्या काळात लोखंडी फर्निचरही निघालं. मामांच्या वाट्याला मात्र लाकूड आलं. पंपाचा भाग बिडात ओतायचा, तर आधी त्याचा लाकडी नमुना करून वाळूत दाबावा लागतो. थंड होताना बीड शंभराला एक या हिशेबानं आकसतं, म्हणून नमुना तेवढा वाढीव ठेवतात आणि त्यासाठी मोजपट्टीही वेगळी असते. असा कारागीर लहान करून काढलेल्या चित्रावर विसंबत नाही. तो फळीवर पुऱ्या मापाचं चित्र काढतो. ती फरशीवरची रद्दी म्हणजे मामांची फळी होती.

संध्याकाळपर्यंत त्या पेन्सिलीच्या आकड्यांचं वेळापत्रक झालं. मावसभाऊ एका हॉस्पिटलात रात्रपाळीला. सकाळी नऊला घरी येऊन चारपर्यंत झोपायचा. थोरली मुलगी दुपारच्या शाळेची, अभ्यासाला सकाळी साडेनऊला बसायची. मावशी दुपारी दाराजवळ वाऱ्याला आडवी व्हायची. वहिनींनी दुकानात एक पलंग बघून ठेवला होता. तो उचलून भिंतीत बंद केला की त्याच्या पाठीवरून टेबल खाली यायचं. जाहिरातीत फार छान दिसायचा. मामांनी विचारलं, "बाप झोपलाय, पोरगी लिहितीय. मग त्यो पलंग उघडा का बंद?" वहिनी गप्प झाल्या. एका जागेत दोन वस्तू बसवायच्या तर त्यांच्या वेळा वेगळ्या हव्यात, आणि या घरात नेमक्या त्याच एकमेकींवर पडत होत्या.

वेळा मोजून जागा आखायचं हेच काम जर्मनीत मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईनं १९२६ साली केलं होतं. स्वस्त घरांसाठी तिनं आखलेलं फ्रँकफर्ट किचन जेमतेम साडेसहा चौरस मीटरचं होतं आणि त्यात भिंतीला दुमडणारी इस्त्रीची फळी होती. तिनंही स्वयंपाकातल्या हालचाली आणि त्यांना लागणारा वेळ अभ्यासला होता. मी हे सांगितलं तेव्हा मामा म्हणाले, "बाजल्याचं आपण काय करत हुतो?" कुंडलच्या घरात सकाळ झाली की बाजलं भिंतीला उभं राहायचं, वळकट्या कोपऱ्यात जायच्या आणि त्याच जागेत भुईमुगाच्या शेंगा फोडायला बायका बसायच्या.

पलंग कुंडलच्या शेडमध्ये तयार झाला. मामांनी तो लांबीच्या बाजूनं पडणारा केला, म्हणजे बंद असताना उंची साडेतीन फूट आणि उघडल्यावर खोलीत येणार फक्त तीन फूट. सहा फूट उंच उभा राहणारा पलंग उचलायला जड आणि पडला तर धोक्याचा. सगळे भाग सुटे ठेवले, कारण बाराव्या मजल्यावर जायचं होतं आणि लिफ्टमध्ये आडवं काही मावत नव्हतं.

पहिली चूक आमचीच. चौकट मधल्या भिंतीला फास्टनरनं ठोकली. भिंत हलक्या ब्लॉकची निघाली. चार दिवसांत भोकांतून पांढरी भुकटी गळायला लागली आणि चौकट अर्धा इंच सुटली. भिंत बोटानं वाजवून बघायचं साधं काम आम्ही विसरलो होतो. मग मामांनी खाली लाकडाचं जोतं केलं. सगळं वजन फरशीवर घेतलं आणि शेजारच्या काँक्रीटच्या खांबाला चौकट फक्त कलंडू नये म्हणून बांधली.

दुसरी फजिती पलंग उचलायला जोर देणाऱ्या पंपाची. बाजारात त्याला हायड्रॉलिक म्हणतात, पण आत तेल नावापुरतं असतं, जोर असतो दाबलेल्या नायट्रोजनचा. जोराचा आकडा न्यूटनमध्ये नळीवरच छापलेला असतो. मामांनी कापसाची गादी वजनकाट्यावर टाकून, फळीचं वजन धरून दोन पंप निवडले. मावशीही एका हातानं पलंग उघडायची. दिवाळीत वहिनींनी हौसेनं फोमची गादी आणली, जुनीच्या निम्म्याहून हलकी. दुसऱ्या दिवशी मावसभाऊ पाणी प्यायला उठला आणि त्याच्या पाठोपाठ पलंगही उठला. उशी, चादर, मोबाइल सगळं भिंतीत. मुलांनी आठवडाभर त्याची घसरगुंडी केली. अखेर एक पंप काढून कमी जोराचा बसवला.

टेबलात मामांनी वेगळीच मेख ठेवली. शेजारच्या दोन घरांत घडीची टेबलं होती, दोन्ही कायम उघडी. कारण त्यांच्यावर औषधं, चष्मा, वह्या, विजेचं बिल. ते उचलून ठेवायचं कुठं, म्हणून घडीच होत नसे. मामांनी भिंतीवर चार इंच खोल कोनाडा केला आणि टेबलाची फळी त्याचंच दार केली. वह्या मागं सरकवायच्या, फळी वर उचलायची, चुंबक टक्कन लागतो. जेवणाच्या टेबलाला मात्र त्यांनी साफ नकार दिला. पंगत जमिनीवरच बसते. मावशीचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून तिच्यापुरती एक घडीची खुर्ची खिळ्याला टांगलेली असते.

गेल्या महिन्यात वहिनींचा फोन आला. "मामांना सांगा, ह्यांना दिवसपाळी मिळाली." मी अभिनंदन करायच्या बेतात होतो. मामांनी फोन माझ्याकडून घेतला. "मग पोरगी अभ्यासाला कवा बसतीय? आन् तुमी निजता कवा?" उत्तरं ऐकत त्यांनी फळीवर खडूनं चार आकडे मांडले, दोन खोडले. आता सगळे रात्री झोपणार, म्हणजे टेबल पलंगाच्या पाठीवर जाऊ शकत होतं आणि कोनाड्याची भिंत मोकळी होत होती.

फोन ठेवून ते माळ्यावरून रद्दी काढायला चढले. मी किर्लोस्करवाडीहून महालक्ष्मी एक्सप्रेसची दोन तिकिटं काढली.