घरांतील जुनीं छायाचित्रें

मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ सालीं. पुढें ही कला घरोघर पोंचली व वाडवडिलांच्या तसबिरी पेटींत सांठत गेल्या. परंतु त्या हाताळण्याची शिस्त आपल्या कुटुंबांत अद्याप रुजलेली नाहीं, असें आम्हांस वाटतें.

जुन्या कृष्णधवल चित्राची आकृति बहुधा चांदीच्या सूक्ष्म कणांची असते. देवघरांतील चांदीचीं भांडीं हवेंतील गंधकानें काळवंडतात, तसेच हे कणही बिघडतात. बोटांचा घाम त्यांत भर घालतो. यास्तव हात धुवून कोरडे करावे व चित्र कडेनेंच धरावें. आम्लरहित कागदांत गुंडाळून तें कोरड्या, थंड कपाटांत ठेवावें. तापणारा माळा किंवा ओलसर भिंत नको. फाटलेल्या चित्रास चिकटपट्टी लावूं नये. भिंतीवर प्रत टांगावी, मूळ नव्हे. आणि फोनमध्यें प्रत घेतली म्हणून मूळ टाकूं नये.

याहून निकडीची गोष्ट नांवांची. पुढें खुर्चीवर बसलेल्या कर्त्या पुरुषांस सारे ओळखतात. मागें उभ्या असलेल्या सुना व माहेरवाशिणी कोण, हें मात्र एखाद्या वृद्ध आत्याबाईंसच ठाऊक असतें. त्या आहेत तोंवर विचारून घ्यावें, आणि मागील कोऱ्या बाजूस मऊ पेन्सिलीनें, हलक्या हातानें नांव, गांव व साल लिहावें. दिवाळीस मंडळी एकत्र जमतात. त्या वेळीं एक दुपार या कामास द्यावी, अशी आमची वाचकांस विनंति आहे.