सरळ रस्त्याची खाच

यंत्राचा कोणता भाग सर्वांत आधी झिजतो, असे कोणी विचारले तर आपण बहुधा सांगू की, जो सर्वांत अधिक फिरतो तो. चाक फिरते, साखळी फिरते, दट्ट्या मिनिटाला हजारो वेळा खालीवर होतो. झीज त्यांच्याच वाट्याला यावी हे न्यायाला धरून आहे. परंतु जुन्या मोटारसायकलीत दोन सांधे असे असतात की, ते फिरतात असे म्हणवत नाही. ते किंचित हलतात इतकेच. तरीही ते झिजतात, किंबहुना त्यामुळेच झिजतात. त्यांपैकी एक हँडलच्या मानेत असतो. त्यातल्या वाट्या आणि छर्रे मिळून जे होते त्याला मिस्त्री ‘कोनसेट’ म्हणतात. दुसरा सांधा मागच्या चाकाला दोन्ही अंगांनी धरून ठेवणाऱ्या भुजेचा. तिला त्यांनी ‘चिमटा’ हे नाव दिले आहे, आणि ते इतके चपखल आहे की शास्त्रीय परिभाषा घडवणाऱ्या पंडितांना त्याचा हेवा वाटावा.

हे ज्ञान मला आमच्या घरच्या येझदीमुळे लाभले. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियातल्या जावाच्या धर्तीच्या गाड्या निघू लागल्या आणि पुढे त्या येझदी या नावाने खपल्या. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. २०२२ मध्ये ते नाव बाजारात पुन्हा आले खरे, पण ती गाडी निराळी. बाबांनी आपली येझदी १९८३ साली घेतली. ते कृषी खात्यात होते; आर्वी आणि कारंजाकडची कपाशीची गावे त्यांनी या गाडीवरून पालथी घातली. वर्धा जिल्ह्यातली काळी माती पावसाळ्यात कशी वागते हे ज्याने अनुभवले असेल, त्याला चाक व मडगार्ड यांच्यामधला चिखल काडीने उकरून काढण्याचा प्रसंग सांगावयास नको.

बाबा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. दर गुरुवारी ते आईला मागे बसवून पवनारला धाम नदीवर जातात. अलीकडे आमची सात वर्षांची मुलगीही सुटीत त्यांच्यामध्ये बसू लागली आहे. गेल्या दिवाळीत मी ती गाडी सेलूच्या रस्त्याला नेली. वेग पन्नासाच्या वर जाताच पुढचे चाक पोहल्यासारखे करू लागले. हँडल सरळ असताना कशात तरी अडकून बसे आणि थोडा जोर देताच एकदम सुटे. वळणावर गाडीचा मागचा भाग पुढच्यामागून क्षणभर उशिरा येई. माझ्या डोळ्यांपुढे आमची मुलगी उभी राहिली.

घरी येऊन मी हे सांगितले तेव्हा बाबा म्हणाले, “गाडी उत्तम आहे. तुला सवय नाही.” यावर वाद घालणे कठीण होते. चाळीस वर्षे ज्याने एक यंत्र चालवले त्याला, ते आता धोक्याचे झाले आहे, असे ज्याने ते एक तास चालवले त्याने सांगावयाचे! शिवाय म्हाताऱ्या माणसाला गाडीविषयी काहीही सांगितले तरी ते त्याला स्वतःविषयीच सांगितल्यासारखे ऐकू येते.

ही अडचण मिस्त्रींनी सोडवली. त्यांनी गाडी स्टँडवर घेतली, पुढचे चाक अधांतरी केले आणि म्हणाले, “बाबूजी, तुमीच पाहा. एका बोटानं फिरवा जी.” बाबांनी बोट लावले. हँडल डावीकडून मऊसूत आले आणि अगदी मध्यावर येऊन थांबले. त्यांनी ते तीनदा फिरवले. तिन्ही वेळा तेथेच थांबले. मग मिस्त्रींनी मागचे चाक दोन्ही हातांनी धरून आडवे हलवले, तेव्हा चिमट्याच्या मुळाशी ‘टक्’ असा आवाज झाला. “हे कधीपासून?” बाबांनी विचारले. “धा-पंधरा वर्सं झाली असन. तुमाले कसं समजन? गाडी थोडी थोडी झिजते, अन् हात बी तसतसा शिकत जाते.”

उघडल्यावर सारे कळले. मानेतले ग्रीस सुकलेल्या लाखेसारखे झाले होते. वाटीच्या आत, ओळीने, ज्वारीचे दाणे दाबून उमटवावेत तशा खाचा होत्या. चाकाचे बेअरिंग फिरत असल्यामुळे त्याच्यावरचा आघात साऱ्या वर्तुळावर वाटला जातो आणि ग्रीसही फिरत राहते. हँडल मात्र रस्त्यावर बहुतेक काळ सरळच असते. म्हणून खड्ड्याचा प्रत्येक दणका तोच छर्रा त्याच जागी खातो आणि तिथले ग्रीस हळूहळू बाजूला सरते. वळणाच्या जागी वाटी अद्याप नव्यासारखी गुळगुळीत होती. झिजली होती ती नेमकी सरळ रस्त्याची जागा.

चिमट्याची खीळ गंजून इतकी घट्ट बसली होती की रात्रभर डिझेलात भिजवून, पितळी दांडा लावून ती ठोकून काढावी लागली. तिच्या बुशाचे भोक लांबट झाले होते. तिथली ढिलाई केसभर असली तरी भुजेच्या दुसऱ्या टोकाला, चाकापाशी, ती तांदळाएवढी होते.

कोनसेट नागपूरला एका जुन्या दुकानात मिळाला. बुश मात्र लेथवर घडवून, बसवल्यावर रीमर फिरवून खिळीला बेताचा करून घ्यावा लागला. एवढ्यात एका आप्ताने गाडी भंगारात काढण्याचा सल्ला दिला. तेव्हा मला चरख्याची ती स्पर्धा आठवली. सुधारलेल्या चरख्यासाठी १९२९ साली एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर झाले, त्याच्या अटींत यंत्र वीस वर्षे चालावे आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या शेकडा पाचांपेक्षा अधिक नसावा, असे म्हटले होते. ज्या वर्ध्यात १९३८ पासून मगन संग्रहालयात ग्रामोद्योगाची साधने मांडून ठेवली आहेत, तेथे हे माप लावावयास हरकत नसावी. आमची येझदी पहिल्या अटीत दुप्पट गुणांनी उत्तीर्ण होते. दुसऱ्या अटीविषयी आई बोलू देत नाही.

नवे छर्रे मिस्त्रींनी ग्रीसमध्ये एकेक करून बसवले. जुना एकही छर्रा त्यांनी नव्यांत मिसळू दिला नाही. खरे कौशल्य शेवटच्या आवळण्यात आहे. अधिक आवळले तर हँडल जड होऊन गाडी नागमोडी जाते. सैल राहिले तर ब्रेक लावताच मान खडखडते. हँडल हलके ढकलताच आपल्याच वजनाने कडेला झुकावे, आणि तरीही पुढे-मागे ओढून पाहता तसूभर हलू नये, इथवर येण्यास त्यांना पाऊण तास लागला.

बाबा गाडी घेऊन गेले आणि दहा मिनिटांत परतले. “बिघडवलीत,” ते म्हणाले, “आता डगमगते आहे.” ते खरेच होते. खाचेतून हँडल सोडवण्यासाठी त्यांचे हात इतकी वर्षे जो लहानसा हिसका देत आले होते, तो ते अजूनही देत होते, आणि खाच तर उरली नव्हती! आठ दिवस ते संध्याकाळी एकटेच रिकाम्या रस्त्याला जात. नवव्या दिवशी गुरुवार होता. आई पदर खोचून मागे बसली, आणि मुलगी मध्ये.

नवा कोनसेट पाचशे किलोमीटरनंतर एकदा पुन्हा आवळून घ्यावा लागतो. मीटरवरचा तो आकडा बाबांनी पंचांगाच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवला आहे.