आमचाच हो

जोतिबा मुळात इथला नव्हे. उत्तरेतून, केदारनाथाकडून आला, अंबाबाईच्या मदतीला धावला, रत्नासुराला मारून परत निघाला तेव्हा तिनं त्याला ठेवून घेतलं, असं डोंगरावर कुणीही सांगेल. चैत्र यात्रेत कर्नाटकातले असतात, मराठवाड्यातले असतात. सासनकाठ्यांत पहिला मान साताऱ्याकडच्या पाडळीचा. गुलालात माखल्यावर कोण कुठला ते कळतही नाही.

यात्रा उतरली की मात्र 'भायेरचे' आठवतात. "लोंढा थांबवायचा तर घटनाच बदलाय पायजे," एक पेढेवाले मामा म्हणाले. आत खवा परतत होता गोरखपूरचा पोरगा. "ह्यो आमचाच हो!"

मामांचं अर्धं बरोबर. देशात कुठंही राहण्याचा हक्क 19व्या कलमातला. परदेशातून येणाऱ्यांसाठी मात्र घटनेला हात लावावा लागत नाही. 11वं कलम सगळं संसदेवर सोपवतं. जन्मानं मिळणारं नागरिकत्व 1987पासून आणि पुन्हा 3 डिसेंबर 2004पासून साध्या कायद्यानंच आवळलं गेलं.

आयर्लंडला तशी सोय नव्हती. बेटावर जन्मलेल्या प्रत्येकाचा हक्क तिथं 1998च्या शांतता करारापाठोपाठ घटनेतच लिहिला होता. मग परक्या बायका बाळंतपणापुरत्या येतात अशी ओरड झाली, आणि बर्टी अहर्न यांच्या सरकारनं तो हक्क आवळायला 11 जून 2004ला सार्वमत ठेवलं, तेही स्थानिक निवडणुकीच्याच दिवशी. विरोधातल्या फाइन गेल पक्षानंही साथ दिली. बदलाच्या बाजूनं 79 टक्के मतं पडली.

गंमत पुढंच आहे. तिथं स्थानिक निवडणुकीत परदेशी रहिवाशालाही मत असतं, सार्वमतात नसतं. म्हणजे नगरसेवक निवडायला तो चालला. आपल्या होणाऱ्या मुलाचं काय, हे मात्र इतरांनी ठरवलं. त्याच दिवशी पोर्टलीश गावानं नायजेरियातून आश्रयाला आलेल्या रोटिमी अदेबारींना नगरसेवक केलं, पुढं 2007मध्ये ते नगराध्यक्षही झाले. ओळखीच्या माणसाला मत आणि अनोळखी लोंढ्याला घटनादुरुस्ती! मामा काही जगावेगळे नाहीत.

डब्लिनलगतच्या फिंगलमध्ये त्याच दिवशी फाइन गेलचे लिओ वराडकर निवडून आले. वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, आई आयरिश. 2017ला ते पंतप्रधान झाले तेव्हा आपण त्यांना मराठी म्हणून मिरवलं. आई तिथलीच, त्यामुळं नव्या नियमानंही त्यांचं काही अडलं नसतं. आज तिकडं नोकरीला गेलेल्या मराठी जोडप्याचं अडतं. दोघांपैकी एकानं बाळ जन्मण्याआधीच्या 4 वर्षांतली 3 तिथं कायदेशीर काढलेली असावी लागतात, आणि शिक्षणाच्या व्हिसावरची वर्षं त्यात धरत नाहीत.