मामांची पिकअप आणि श्वासाचा फंडा

जिममधला ट्रेनर सारखा ओरडतो, 'श्वास सोडा!' बॉस, गाडीलाही हाच फंडा लागू आहे.

कन्नडच्या मामांची पिकअप आल्याच्या गोण्या वाहते. मागच्या चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो ना, ते डिफरन्शियल. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरू देणारं. त्याच्या हौसिंगवर बोटाच्या पेराएवढा ब्रीदर असतो. आतलं ऑइल तापलं की हवा फुगते आणि इथून बाहेर पडते. आमच्याकडची काळी चिकट माती तिथे बसली की संपलं! कोंडलेली हवा ऑइलला सीलमधून बाहेर ढकलते, थेट ब्रेक लायनरवर.

गेल्या पावसाळ्यात चाकाच्या आतून ओघळ दिसला म्हणून मामांनी ड्रम उघडला. लायनर ऑइलने चिंब. दुसऱ्या दिवशी औट्रम घाट उतरून चाळीसगावला जायचं होतं. भरलेली गाडी घेऊन! मामी त्या रात्री जेवलीच नाही.

सील, लायनर, नवं गिअर ऑइल, असा खर्च झाला. ब्रीदर मात्र डिझेलने धुऊन, हवा मारून फुकटात मोकळा. ओढ्यातून गाडी गेली की मामा आता ऑइलही बघतात. तापलेलं हौसिंग पाण्यात एकदम गार झालं तर पाणी आत ओढतं, ऑइल दुधाळ होतं. आमच्या टपरीवरच्या कटिंगपेक्षा जास्तच दुधाळ!