शेतनोंद : रिचार्ज नसलेली डिश, वस्तीवरच्या घरासाठी



आज डाळिंबाचं नाही, रानातल्या घराचं बोलणार आहे. गेल्या महिन्याभरात चार-पाच जणांनी विचारलं, "वस्तीवर फुकट दिसणारी डिश लावायची, काय काय घ्यावं लागतं? खर्च किती?" प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो. ज्याला लागेल त्यानं जपून ठेवावं.

आधी हे कशाला, ते सांगतो. आमची वस्ती गावापासून दीड किलोमीटरवर. केबलवाला इकडं येत नाही. पैशाची डिश होती, महिन्याला 280 रुपये. ऊस-डाळिंबाचं बिल हातात असलं की रिचार्ज व्हायचा, औषधाची उधारी डोक्यावर असली की राहायचा. आणि रिचार्ज संपला की खरा त्रास कुणाला? मला नाही, मी दिवसभर रानात. पोराला नाही, त्याच्या हातात मोबाईल. त्रास आईला. तिला वाचता येत नाही, गुडघ्यामुळं गावात जाणं बंद. दुपारचं घर आणि काळा पडदा. पोरगा म्हणायचा, "आता टीव्ही कोण बघतंय दादा?" म्हणलं, ज्यांच्याकडं मोबाईल नाही ती माणसं बघतात.

आता मुद्द्याचं.

प्रसार भारतीची डीडी फ्री डिश ही सेवा आहे. डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावानं ती सुरू झाली. हिला महिन्याचं भाडं नाही. सामान एकदा घ्यायचं, बस. कुणी "ॲक्टिव्हेशन"चे किंवा "वर्षाच्या पॅक"चे पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा. असा कुठलाही पॅक या सेवेला नसतो.

दुसरं, जुना काटेरी अँटेना विकत घेऊ नका. माळ्यावर पडलेला असेल तर तो भंगारात घाला. पूर्वी दूरदर्शनच्या मनोऱ्यावरून यायचं ते प्रक्षेपण बहुतेक ठिकाणी बंद झालंय. खेड्यात फुकट टीव्ही म्हणजे आता डिशच.

सामान कोणतं?

डिश : 60 सेंटिमीटरची पुरते. वारा फार लागतो अशा माळावर मोठी डिश मुद्दाम नको, ती वाऱ्यानं हलते. घरात पूर्वीची कंपनीची डिश स्वतःच्या मालकीची पडून असेल तर नवी घेऊ नका. बहुतेक वेळा तीच दिशा बदलून चालते. पत्रा चेपलेला नाही ना, तेवढं बघा. चेपलेली डिश म्हणजे वाकलेला नांगर, कितीही जुळवा, रेघ सरळ येत नाही.

एलएनबी : डिशच्या दांड्यावर पुढं बसतो तो डोळा. दुकानात "केयू बँड युनिव्हर्सल" म्हणून मागा. त्यावर 9750/10600 हे आकडे छापलेले असतात, ते बघून घ्या. दोन खोल्यांत दोन टीव्ही, दोन बॉक्स असतील तर दोन तोंडांचा एलएनबी घ्या.

बॉक्स : इथं खरी निवड आहे. स्वस्त म्हणून एमपीईजी-2 चा जुना बॉक्स गळ्यात मारतात. त्यावर वाहिन्या दिसतात, पण सगळ्या नाही. एमपीईजी-4 वाल्यावर जुन्या पद्धतीच्या आणि नव्या पद्धतीच्या, दोन्ही दिसतात. शे-दोनशे रुपये जास्त जातात, तिथं हात आखडू नका. आमच्या शेजारच्या वस्तीवर एकाला दुकानदारानं "सगळं दिसतंय" म्हणून जुना बॉक्स दिला. शेवटी त्यानं सहा महिन्यांत दुसरा घेतला, म्हणजे स्वस्त बॉक्स दुप्पट महाग पडला.

नवा टीव्हीच घ्यायचा असेल तर आधी मागं बघा. काही टीव्हींत उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो. खोक्यावर डीव्हीबी-एस2 लिहिलेलं असतं. याचं भारतीय मानकही आहे, आयएस 18112, सन 2022 चं. असा टीव्ही असेल तर केबल थेट टीव्हीत, बॉक्स लागतच नाही. पण फक्त टी2 किंवा सी लिहिलं असेल तर तो उपग्रहासाठी नाही, फसू नका.

वीज : आपल्याकडं सिंगल फेजचा भरवसा किती ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून 12 व्होल्टच्या बाहेरच्या ॲडाप्टरवर चालणारा बॉक्स घ्या. वीज गेली की तो फवारणी पंपाच्या 12 व्होल्ट 8 अँपिअरअवर बॅटरीवर चालतो. बॉक्सला वीज फार थोडी लागते, एक अँपिअरच्या आतबाहेर. 12 व्होल्टवर चालणारा लहान एलईडी टीव्हीही मिळतो, मात्र दोन्ही लावले की बॅटरी लवकर उतरते. पिन जोडताना प्लस-मायनस ॲडाप्टरवरच्या चित्राशी ताडून बघा, आणि बॅटरी चार्जिंगला लावलेली असताना तिच्यावर बॉक्स चालवू नका.

केबल : आरजी-6 मागा. मध्ये जोड नको, एकाच लांबीची घ्या. खार आणि उंदीर कुरतडतात, त्यावर आपल्याकडंच औषध आहे. ठिबकची जुनी 16 एमएमची लॅटरल भंगारात पडलेली असते, त्यातून केबल ओवून घ्यायची. पिन नंतर बसवायची. घरात शिरायच्या आधी केबलला खाली एक वळसा द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथंच गळतं, बॉक्सपर्यंत येत नाही.

माझा खर्च असा झाला : डिश स्टँडसकट 400, एलएनबी 150, बॉक्स 850, 20 मीटर केबल 240, पिना आणि बोल्ट 60. एकूण 1700 रुपये. सहा महिन्यांच्या रिचार्जएवढं. तुमच्या तालुक्याला दर थोडा इकडंतिकडं असेल.

जागा आणि दिशा

उपग्रह आहे इस्रोचा जीसॅट-15, नोव्हेंबर 2015 मध्ये सोडलेला. तो विषुववृत्तावर सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर, 93.5 अंश पूर्व रेखांशावर उभा आहे. आपल्या सांगोला भागातून तो आग्नेयेला पडतो. विदर्भातल्या मित्रांनी आग्नेयेपेक्षा थोडं दक्षिणेकडं बघावं. उंची मात्र सगळ्या महाराष्ट्रात साधारण 60 अंशांच्या आसपास, म्हणजे बराच वर.

इथं पुष्कळ जण गोंधळतात. डिशचा पत्रा बघितला तर वाटतं ती समोर खाली बघतेय. तसं नाही. या डिशची बांधणी अशी असते की तिची नजर पत्र्याच्या तोंडापेक्षा वीस-पंचवीस अंश वर असते. म्हणून डिश आकाशाकडं उताणी करू नका.

उपग्रह उंच असल्याचा आपल्याला फायदा आहे. झाड लांब असलं तर आड येत नाही. हिशोब सोपा : आग्नेयेकडच्या झाडाचा शेंडा डिशपेक्षा 20 फूट उंच असेल तर झाड निदान 12 फूट लांब हवं, आणि दोन-तीन फूट सूट ठेवावी. शेवगा आणि सुबाभूळ यांच्याजवळ लावू नका, वर्षात दहा फूट वाढतात. लावली तेव्हा स्वच्छ चित्र आणि श्रावणात गायब, असं होतं ते त्याच्यामुळं.

आड काही येतंय का ते बघायची एक युक्ती सांगतो, पैसे लागत नाहीत. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागतो तेव्हा, असे वर्षातून दोनदा, सूर्य बरोबर त्या उपग्रहाच्या मागं येतो. आपल्या भागात मार्चमध्ये सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, ऑक्टोबरमध्ये अकराच्या जरा आधी. त्या वेळी डिशवर फांदीची सावली पडली तर तीच फांदी आड येते, ती छाटा. आणि त्या दिवसांत रोज काही मिनिटं चित्र अडकतं, ते सूर्यामुळं. मेकॅनिकला बोलावून पैसे घालवू नका. चार-आठ दिवसांत ते आपोआप थांबतं.

बसवताना खांब ओळंब्यात घ्या. गवंड्याचा ओळंबा लावूनच. खांब तिरपा असला तर डिश डावी-उजवीकडं फिरवताना उंचीही बदलते आणि दिवस जातो. बॉक्सवर दोन पट्ट्या दिसतात, एक स्ट्रेंग्थची, एक क्वालिटीची. स्ट्रेंग्थ नुसती केबल जोडली तरी दिसते, तिच्यावर जाऊ नका. क्वालिटी बघा. डिश बोटभर सरकवायची, दोन-तीन सेकंद थांबायचं, मग पुढं. क्वालिटी आली की शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत थोडा थोडा फिरवून बघा. आपल्याकडं तो सरळ नाही, बराच तिरपा धरावा लागतो. जिथं पट्टी सगळ्यात जास्त, तिथं आवळा.

पाऊस आणि वीज

जोराचा पाऊस आला की चित्र थांबतं. या लहरींना दाट पाऊस आडवा येतो, त्याला इलाज नाही, सर ओसरली की येतं. पण वळवाच्या दिवसांत वीज कडाडायला लागली की बॉक्सचा प्लग काढा आणि डिशची केबलही काढा. नुसतं बटण बंद करून उपयोग नाही. खांबाला अर्थिंग करा. हे सगळं वीज जवळ यायच्या आधी करायचं, डोक्यावर आल्यावर पत्र्यावर किंवा खांबाजवळ कुणी जायचं नाही. मोबाईल असेल तर पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप ठेवा, आसपास वीज पडण्याचा इशारा येतो.

दिसतं काय?

डीडी सह्याद्री आहे, तिथं "आमची माती आमची माणसं" कितीतरी वर्षं आपण बघत आलोय. 26 मे 2015 ला सुरू झालेली डीडी किसान आहे. बातम्या, जुने सिनेमे, भक्तीच्या वाहिन्या, आकाशवाणीची विविध भारती. स्वयंप्रभाच्या शिक्षणाच्या वाहिन्याही याच उपग्रहावरून, याच डिशवर दिसतात. खासगी वाहिन्या लिलावात जागा घेऊन येतात, म्हणून यादी बदलत राहते. एखादी वाहिनी गायब झाली की डिश हलवू नका, आधी रिमोटनं पुन्हा स्कॅन करा. एप्रिलमध्ये तर एकदा कराच.

क्रिकेटचं खरं सांगतो. राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर केलेले सामने 2007 च्या कायद्यानं दूरदर्शनला द्यावे लागतात, ते दिसतात. आयपीएलच्या भरवशावर मात्र ही डिश घेऊ नका. घरात मालिकांचं वेड असेल तर ठरावीक मालिका मिळतीलच असं नाही. ज्याला तेच पाहिजे त्यानं रिचार्ज करावा, त्यात गैर काही नाही.

आता मला यातून काय मिळालं ते. गेल्या ऑक्टोबरात मका मोडून खळ्यावर पसरलेला होता. मी आणि पोरगा बाजारला गेलेलो, यायला रात्र होणार होती. वस्तीवर मोबाईलची रेंज दुपारपासून नव्हती. आईनं संध्याकाळच्या बातम्यांत ऐकलं की आपल्या जिल्ह्यात रात्री पाऊस सांगितलाय. तिनं सालगड्याच्या बायकोला हाक मारली, दोघींनी सुनेला बरोबर घेऊन कणसं ढीग करून ताडपत्री टाकली, कडेला दगड ठेवले. आम्ही आलो तेव्हा पाऊस सुरू झाला होता आणि मका कोरडा होता. मी काही बोललो नाही. आईच म्हणाली, "तुमच्या मोबाईलात सांगत नव्हते व्हय रे?"

मोबाईल एका माणसाच्या खिशात असतो. तो बाजारला गेला की खबरही त्याच्याबरोबर बाजारला जाते. टीव्ही घरात राहतो, आणि घरात जे राहतात ते ऐकतात. आपण शेतीचा सल्ला, हवामान, बाजारभाव सगळं मोबाईलवर टाकतो, चांगलंच आहे. पण खळं झाकणारे हात कुणाचे असतात, ते बघा. कृषी खात्यातली आणि विद्यापीठातली मंडळी हे वाचतात म्हणून मुद्दाम लिहितोय : म्हातारी माणसं आणि घरातल्या बाया यांच्यापर्यंत तुमचा सल्ला जायचा असेल तर तो टीव्ही-रेडिओवरही येऊ द्या.

सालगड्याची पोरगी नववीत आहे. त्यांच्या घरी एकच मोबाईल, तो बापाबरोबर रानात. ती आता दुपारी आमच्याकडं येऊन शिक्षणाच्या वाहिनीवर गणित बघते. आई तिच्याशेजारी बसते. तिला त्यातलं काही कळत नाही, पण आवाज कमी केलेला तिला चालत नाही.

येत्या पंधरवड्यात त्यांच्या खोलीवरही डिश बसवायची आहे. आमची जुनी कंपनीची डिश पडून आहे, ती वापरणार. एलएनबी, बॉक्स आणि केबल तेवढी घ्यायची. लॅटरल भंगारातली आहेच. ज्यांना बसवताना बघायचंय त्यांनी सकाळी नऊनंतर वस्तीवर या. येताना कुणाकडं ओळंबा असेल तर आणा, आमचा गवंड्यानं नेलाय.