दुसऱ्या भागात जुना कोड चालत नाही

बासी ईदला, म्हणजे ईदच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही सगळे बिडकीनला धाकट्या भावाकडे जमतो. यंदा जेवणं आटोपली आणि पुतण्याने लॅपटॉप टीव्हीला जोडला. "बडे अब्बा, पहचानो," म्हणाला. पडद्यावर 'सुपर सी' अशी अक्षरं आली. मी भावाकडे पाहिलं, भावाने माझ्याकडे. दोघांचं मिळून वय नव्वद. हात आपोआप पुढे झाले.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोनामी या जपानी कंपनीचा 'कॉन्ट्रा' हा गेम 1987 साली आला. दोन शिपाई डावीकडून उजवीकडे धावतात, उड्या मारतात, परग्रहावरून आलेल्या शत्रूंवर गोळ्या झाडतात. एक गोळी लागली की मेले. पुढच्याच वर्षी पैसे टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रांवर त्याचा दुसरा भाग आला, 'सुपर कॉन्ट्रा'. घरच्या टीव्हीवर तो 1990 मध्ये पोहोचला. अमेरिकेत त्याचं नाव झालं 'सुपर सी'. युरोपात तर माणसं काढून त्यांच्या जागी यंत्रमानव घातले आणि नाव ठेवलं 'प्रोबोटेक्टर टू'. बिडकीनला तो आणखी चार-पाच वर्षांनी आला, नकली कॅसेटमधून.

आमच्या घरी टीव्ही गेम नव्हता. अब्बा शिंपी होते, घरात शिलाई मशीन होतं, टीव्ही शेजाऱ्यांकडे. पैठण रोडच्या बाजूला एका खोलीत दोन टीव्ही ठेवून तासावर गेम खेळायला देत. तासाला पाच रुपये. अब्बांना कळलं तर खैर नव्हती, म्हणून असर आणि मगरिबच्या मधला वेळ गाठायचा.

मारिओ सगळ्यांना आवडायचा, पण आम्हा दोघांना परवडायचा नाही. मारिओमध्ये आळीपाळीने खेळावं लागतं. एक खेळतो, दुसरा बघत बसतो आणि तास संपतो. कॉन्ट्रामध्ये दोघं एकाच वेळी. अडीच रुपये तुझे, अडीच माझे, आणि तास पूर्ण दोघांचा. आमच्यासारख्या भावाभावांमध्ये हा गेम का चालला, याचं पहिलं कारण मला हेच वाटतं. निळा शिपाई मी, कारण मी मोठा. लाल शिपाई तो.

पहिल्या भागाचा एक गुप्त कोड होता. वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे, बी, ए. तीनऐवजी तीस लाइफ मिळायच्या. औरंगाबादला मामूंकडे गेलो असताना एका मुलाने तो मला वहीच्या मागच्या पानावर लिहून दिला होता. शेवटी बी.ए. आहे म्हणून आम्ही हसायचो. पुढे मी खरोखर बी.ए. झालो, मग बी.एड.

दुसरा भाग आला तेव्हा आम्ही तोच कोड मारला. तीनच लाइफ आल्या. पुन्हा मारला. तीनच. या भागाचा कोड वेगळा होता आणि त्याने मिळायच्या फक्त दहा, हे मला पुष्कळ वर्षांनी समजलं. तेव्हा एवढंच कळलं की इथे जुनी चलाखी उपयोगाची नाही. तीन लाइफवर जे जमेल ते.

आणि तरी आम्ही पहिला भाग सोडून दुसऱ्याच्या मागे लागलो. का, याचा आता शिक्षक म्हणून विचार करतो. बटणं तीच होती, एक उडीचं, एक गोळीचं. हात तयार होता. पण समोरची वाट नवी होती. दुसऱ्या स्टेजला तर सगळं वरून दिसतं आणि उडीच मारता येत नाही. पहिल्या भागात आगीची बंदूक कुणाला नको असायची, 'एफ' दिसला की आम्ही बाजूला व्हायचो. दुसऱ्या भागात तीच बंदूक बटण दाबून धरलं की मोठा लोळ फेकायची. मागच्या वर्गात नापास झालेलं पोरगं पुढच्या वर्गात चमकावं तसं.

बी.एड.ला थॉर्नडाइकची प्रयत्न-प्रमाद उपपत्ती शिकवतात. मांजर पेटीतून सुटायला धडपडते, चुकते, हळूहळू चुका कमी होतात. ती मला वाचायच्या आधीच येत होती. या गेममध्ये शत्रू ठरलेल्या जागीच येतात. मेलात तर का मेलात ते तुम्हाला दिसतं. कुणी रागावत नाही, कुणी हसत नाही (भाऊ सोडून). पुन्हा उभे राहता. आमच्या शाळेत चुकलेल्या मुलाला इतक्या सरळपणे पुन्हा संधी मिळते का, हा प्रश्न मी स्वतःला विचारत असतो. उत्तर प्रत्येक वेळी चांगलं नसतं.

पण एक गोष्ट होती जी मला आजही टोचते. पहिल्या भागात तिसरी स्टेज धबधब्याची. तिथे वर चढायचं असतं. एकजण वर गेला की पडदाही वर सरकतो, आणि जो खाली राहिला तो पडद्याबाहेर जाऊन मरतो. मी भराभर चढायचो. तो खालून ओरडायचा, "ठैर ना भाई, मैं नीचे हूँ!" मी ठैरायचो नाही. त्याच्या लाइफ शत्रूंनी कमी, मीच जास्त घेतल्या.

पुढे अब्बांच्या डोळ्यांचं दुखणं निघालं. सुईत दोरा ओवता येईना. भाऊ तेव्हा नुकताच दहावी झाला होता, तो मशीनवर बसला. मला कुणी शाळा सोडायला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. माझी फी त्या मशीनवर निघाली. मी वर चढत गेलो. आता मी दोन भाषा शिकवतो, पगार वेळेवर येतो. तो अजून शिवतो. तयार कपड्यांच्या जमान्यात त्याच्याकडे फॉल-पिको आणि शाळेच्या गणवेशांचं काम असतं. त्याने कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. कदाचित म्हणूनच मला ते विसरता येत नाही.

तर बासी ईदला आम्ही खेळायला बसलो. कोनामीने 2019 मध्ये जुने कॉन्ट्रा एकत्र काढले, त्यातला हा. पुतण्या म्हणाला, "यात मध्येच सेव्ह करता येतं." त्या काळी लाइट गेली की पहिल्यापासून सुरुवात असायची, आणि लाइट रोज जायची. भाऊ म्हणाला, "नक्को. जैसा था वैसा." मीही कोडचं नाव काढलं नाही. तीन लाइफ.

पाचवी स्टेज कड्याची. तिथेही वर चढायचं. माझी बोटं आता खडूचीच राहिली आहेत, उडी चुकत होती. त्याची बोटं दिवसभर कपड्याखालून सुई चुकवतात, ती अजून तल्लख आहेत. तो सरसर वर गेला. मग थांबला. वरून गोळ्या येत होत्या, तो तिथल्या तिथे वाकत, उड्या मारत माझी वाट बघत होता. मी दोनदा चुकलो. तेवढ्यात त्याला गोळी लागली.

"अरे, तू जायचं होतंस ना पुढे," मी म्हणालो.

"तुम नीचे थे ना," तो पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला.

कडा आम्ही पार केला नाही. दोघांच्याही लाइफ तिथेच संपल्या. पुतण्या हसत होता, आतून चहा आला. जे इतकी वर्षं बोललो नाही ते त्याच्याजवळ बोलावं असं त्या क्षणी फार वाटलं. सगळे बसलेले होते. मी एवढंच म्हणालो, "पुन्हा लाव रे. या वेळी मी थांबेन."

भावाने कप बाजूला ठेवला आणि लाल शिपायाचा रिमोट उचलला.