डबलसीटचा हिशेब

26 मे 2024, रविवार, डोंबिवली

गुरुवारच्या कंपनीतल्या स्फोटाशिवाय दुसरा विषय नाही. 2016 साली आजच्याच तारखेला प्रोबेस कंपनीत स्फोट झाला होता, आणि आता पुन्हा एमआयडीसी फेज-2. त्या भागात काचा फुटलेल्या घरांना अजून प्लॅस्टिक लावलेलं आहे.

मानपाडा रोडला चहा घेताना शेजारी दोघं बोलत होते. एकाच्या बाइकवर पत्रा येऊन पडला होता. तो निर्धास्त होता, "इन्शुरन्स आहे ना!" दुसऱ्याने कुठला म्हणून विचारलं, तर थर्ड पार्टी. मग त्यातून दमडी मिळायची नाही. आपल्या गाडीने दुसऱ्याला जे लागेल, दुसऱ्याचं जे मोडेल, तेवढंच थर्ड पार्टीत भरून मिळतं. आग, स्फोट, पूर, चोरी हे सगळं ओन डॅमेजमध्ये येतं, आणि ते कायद्याने सक्तीचं नाही. सक्तीचं नाही म्हणून बऱ्याच जणांनी घेतलेलं नसतं.

आमच्या अ‍ॅक्टिव्हाची पॉलिसी 20 जुलैला संपतेय. आत्तापासून बघायला हवं.

3 जून, सोमवार

ऑफिस वागळे इस्टेटला, त्यामुळे लोकलमध्ये ठाण्यापर्यंत फोन बघायला भरपूर वेळ. मेसेजचा पाऊस पडलाय. "सर्वात स्वस्त थर्ड पार्टी" म्हणून जो तो ओरडतोय. आता गंमत अशी, की थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवतच नाही, सरकार ठरवतं. 1 जून 2022 पासून 75 सीसीपर्यंत 538 रुपये, 75 ते 150 सीसीला 714, 150 ते 350 ला 1366 आणि त्यापुढे 2804. देशभर एकच दर. 714 वर 18 टक्के जीएसटी धरून 843 रुपये होतात. नरिमन पॉइंटला काढा नाहीतर टिटवाळ्याला. यात स्वस्त काय शोधायचं?

शेजारच्या टेबलावरच्या पोराने नवी 160 सीसीची बाइक घेतली. 150 ची रेघ दहा सीसीने ओलांडली आणि थर्ड पार्टीचा दर जवळपास दुप्पट झाला. मायलेज, कलर, ब्लूटूथ सगळं विचारून झालं होतं त्याचं. ही रेघ शोरूममध्ये कोणी दाखवत नाही. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांची थर्ड पार्टी एकदमच घ्यावी लागते, तीही ऑन-रोड किमतीत मिसळून जाते. आमची स्कूटर त्याच वर्षी जुलैत घेतलेली, म्हणून दरवर्षी हा सोहळा.

15 जून, शनिवार

संध्याकाळी एजंटकाका आले. पूर्वी एलआयसी करायचे, आता गाड्यांचंही करतात. पोहे खाता खाता म्हणाले, "जुनी गाडी आहे, थर्ड पार्टी मारून टाका. पोलिसाला कागद दाखवायला पुरतो." त्यात खोटं काही नाही. विमा नसेल तर पहिल्यांदा दोन हजार दंड, पुन्हा सापडलात तर चार हजार, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. कागद असला की सुटका.

मी विचारलं, "आणि मागे बसलेल्याचं काय?"

काका थांबले. "मागच्याचं म्हणजे... तो थर्ड पार्टीच की."

नाही. रस्त्यावरून चालणारा थर्ड पार्टी, समोरच्या रिक्षातला थर्ड पार्टी. पण आपल्याच स्कूटरवर फुकट डबलसीट बसलेलं माणूस त्यात धरत नाहीत. युनायटेड इंडिया विरुद्ध तिलक सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली हेच सांगितलं. फक्त कायद्यापुरत्या पॉलिसीत पिलियनची जबाबदारी कंपनीवर येत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल, म्हणजे एजंट लोक ज्याला फुल किंवा फर्स्ट पार्टी म्हणतात ती, तर येते; विमा नियामक आयआरडीएने नोव्हेंबर 2009 मध्ये परिपत्रक काढून तसं स्पष्ट केलंय. ठाण्याच्या मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे उद्या कोणी उभं राहिलं, तर पहिला प्रश्न पॉलिसी कुठली हाच निघेल. आणि कंपनी सुटली की भरपाई मालकाच्या खिशातून.

आमच्याकडे मागची सीट कधी रिकामी नसते. सकाळी ही स्टेशनला, दुपारी मुलगी क्लासला, गुरुवारी आई मठात. सगळ्या डोंबिवलीचं तेच. शाळा सुटायच्या वेळी गल्लीच्या तोंडाशी उभं राहावं. प्रत्येक स्कूटरवर मागे कोणीतरी आहे, काहींवर दोघं. यातल्या किती जणींचं नाव कुठल्या कागदात बसतं?

काका म्हणाले, "तुम्ही फार वाचता बुवा."

22 जून, शनिवार

फुल पॉलिसीचे दर मागवले. इथे मात्र बाजार खरा आहे. ओन डॅमेजचे दर 2007 पासून कंपन्यांवर सोडलेत. तरी बऱ्याच ठिकाणी हिशेबाच्या मुळाशी जुनंच दरपत्रक सापडतं. त्यात मुंबई, पुणे धरून आठ शहरं ए झोन आणि बाकी देश बी झोन. म्हणजे एमएच-05 च्या आमच्या गाडीला मुंबईपेक्षा दर कमी! फरक काढला तर दहा रुपयेही भरेना. कल्याणच्या आरटीओचे तेवढ्यापुरते आभार.

खरी चलाखी आयडीव्हीत असते. गाडी चोरीला गेली तर जी रक्कम मिळायची ती आयडीव्ही. पाच वर्षांपर्यंत ती ठरलेल्या टक्क्यांनी घटते. पुढे ग्राहक आणि कंपनीने आपसांत ठरवायची. सगळ्यात स्वस्त दरपत्रकात ती गुपचूप 22 हजारांवर आणून ठेवली होती. गाडी आज 28 ला सहज जाईल. सहा हजारांनी आयडीव्ही पाडून हप्ता वाचला किती, तर साठेक रुपये.

चोरीचं म्हणाल तर स्टेशनच्या पार्किंगमध्ये गाडी लावणाऱ्या कोणालाही विचारा. मेव्हण्याची बाइक कल्याण स्टेशनजवळून गेली. क्लेमसाठी एफआयआर, दोन्ही चाव्या, आरसी, आणि शेवटी पोलिसांची ए समरी, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा अहवाल. कंपनीने दुसरी चावी मागितल्यावर घरातले सगळे खण उलटेपालटे झाले. शेवटी ती देव्हाऱ्यामागे निघाली. मी त्याच रात्री आमची दुसरी चावी आरसीच्या झेरॉक्ससोबत पाकिटात घालून ठेवली.

9 जुलै, मंगळवार

काल पहाटे मुंबईत सहा तासांत तीनशे मिलिमीटर पाऊस. लोकलचे बारा वाजलेले, ऑफिसला जायचा प्रश्नच नव्हता.

आज मेकॅनिककडे रांग. माझ्या पुढच्या स्कूटरचा त्याने स्पार्क प्लग काढला, भोकावर फडकं धरलं आणि किक मारली. फडकं भिजून गढूळ पाण्याची पिचकारी त्याच्या हातावर. मालक सांगत होता, पाण्यात बंद पडली म्हणून सेल्फ मारत राहिलो. इथेच क्लेम अडतो. पाणी शिरलं ही आपत्ती, पण त्यानंतर स्टार्टर दाबून इंजिन बिघडलं तर कंपनी त्याला पुढचं नुकसान म्हणते आणि हात वर करते. इंजिनचं जादा कव्हर मिळतं. पण आमच्यासारख्या सहा वर्षांच्या गाडीला ते द्यायला, आणि झिरो डेपही, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, द्यायला, बहुतेक जण का-कू करतात. त्यामुळे उपाय एकच, पाणी चढलं की गाडी ढकलायची.

14 जुलै, रविवार

काढली एकदाची. आयडीव्ही 28 हजार. ओन डॅमेज 493, त्यावर पन्नास टक्के नो क्लेम बोनस, राहिले 246. थर्ड पार्टी 714. जीएसटी धरून 1133. नुसत्या थर्ड पार्टीपेक्षा 290 रुपये जास्त, म्हणजे महिन्याला चोवीस-पंचवीस. एवढ्या पैशात मागची सीट, चोरी आणि स्फोटाचा पत्रा.

आणि तेही वसूल झाले. प्रत्येक दरपत्रकात मालकाच्या 15 लाखांच्या अपघात विम्याचे 325 रुपये आपोआप टिक केलेले होते. हा विमा गाडीला नसतो, मालकाला असतो. माझ्या बाइकच्या पॉलिसीत तो आधीच आहे. दुसऱ्या गाडीला पुन्हा घ्यायची सक्ती नाही, तसं लिहून दिलं की टिक निघते. जीएसटीसकट 383 वाचले. दोन दुचाकी असलेल्या घरांनी हा कागद एकदा काढून बघावाच.

बोनसची एक गोष्ट हिला सांगून ठेवली. नव्वद दिवसांच्या वर पॉलिसी तुटली तर तो जातो. दोन-चारशेच्या आरशासाठी क्लेम केला तरी जातो. त्यामुळे आरसे आपल्याच खिशातून.

27 जुलै, शनिवार

पेपरात बातमी. पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचा दाखला, असल्याशिवाय थर्ड पार्टी विमा द्यायचा नाही, ही 2017 च्या आदेशातली अट सर्वोच्च न्यायालयाने काल काढली. कारण सरळ आहे. पीयूसी नाही म्हणून विमा नाही, आणि विमा नाही म्हणून अपघातग्रस्ताला भरपाई नाही, असं व्हायला लागलं होतं. निकाल देणाऱ्या पीठातले न्यायमूर्ती अभय ओक ठाण्याचे. वकिलीची सुरुवात त्यांनी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातच केली.

काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "असू दे हो, आमच्या फॉर्मात रकाना आहे तोवर फोटो लागणारच. तुमच्या बाइकची ऑक्टोबरला आहे ना? पीयूसी करून ठेवा."

पेट्रोल पंपावर पन्नास रुपये. उद्या जातो.